बोस्टनच्या बसगाड्या आणि आमची वाड्यावरची शाळा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पटसंख्या कमी म्हणून गोव्यातल्या सरकारी प्राथमिक शाळा विलीन करण्यावर तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलेलं. अमेरिकेत मुलं पिवळ्या बसने लांबच्या शाळेत जातातच ना, मग इथेच बोंब कशाला, असा त्यांचा सवाल. बरं, अमेरिकाच घ्यायची तर बोस्टन घेऊया. तिथली लॅटिन स्कूल 1635 ची, तेव्हा शिवाजी महाराज पाच वर्षांचे होते! पुढे 1821 मध्ये अमेरिकेतलं पहिलं सरकारी हायस्कूलही तिथेच निघालं.

पण त्याच शहरात सारा रॉबर्ट्स नावाची पाच वर्षांची काळी पोर गोऱ्या मुलांच्या पाच शाळा ओलांडून काळ्यांच्या शाळेत जायची, वाटेतल्या एकाही शाळेत तिला घेत नव्हते. बापाने केस घातली, गुलामगिरीविरुद्ध लढणारा चार्ल्स समनरसारखा वकील, तरी 1850 मध्ये हरले. राज्याने कायदा बदलला तो 1855 मध्ये. कायदा झाला तरी वस्त्या वेगळ्या त्या वेगळ्याच आणि शाळाही तशाच, शेवटी 1974 मध्ये जज गॅरिटींनी ऑर्डर काढली की मुलं बसने इकडची तिकडे न्या, रॉक्सबरीची काळी मुलं साउथ बोस्टनला आणि तिकडची गोरी रॉक्सबरीला. पहिल्याच दिवशी काळ्या मुलांच्या बसवर दगड पडले.

ऑर्डर चूक होती असं मी म्हणणार नाही, तिथली स्कूल कमिटी वर्षानुवर्षं ढिम्म हलत नव्हती. पण बसमध्ये बसली कोणाची पोरं? शहरातल्या गरिबांची. पैसेवाली उपनगरं त्या ऑर्डरच्या बाहेर, जजसाहेब स्वतः वेलस्ली या उपनगरात राहणारे, आणि ज्यांना परवडलं त्यांनी पोरं प्रायव्हेटमध्ये घातली नाहीतर शहरच सोडलं.

आमच्याकडे भेदभाव मोडायला नाही, खर्च वाचवायला पोरं हलवायची आहेत, एवढा फरक. पोर्तुगीजांच्या वेळी देवळाच्या मंडपात मराठी शाळा चालायच्या, मग गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी गावोगाव शाळा काढल्या, त्यातलीच आमच्या वाड्यावरची, म्हणजे वस्तीवरची. ती बंद करून म्हणे बस देणार. बस मेन रोडवर थांबणार, वाड्यावर ती वळतच नाही, आणि मध्ये व्हाळ, म्हणजे ओढा आहे. जुलैत त्यावरच्या साकवावरून, छोट्या पुलावरून, पाणी जातं तेव्हा आजी नातवाला खांद्यावर घेते, दप्तर प्लॅस्टिकच्या पिशवीत. पहिलीतल्या पोराला रोज हे करायला लावणार का? बरं, व्यासपीठावर मातृभाषा मातृभाषा करणाऱ्या कितीजणांची पोरं सरकारी मराठी शाळेत आहेत ते पण एकदा मोजा की.

विलीन करायचीच तर आधी पालकांची मीटिंग आमच्या शाळेत घ्या, तालुक्याच्या हॉलमध्ये नको, आणि तीही पावसाळ्यात घ्या, साहेबांनी गाडी मेन रोडवर ठेवून साकवावरून चालत यावं.

आपला,
एक पालक, सत्तरी