टीव्हीच्या खोक्यावर उजेडाचा आकडा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी ठाण्यात, नौपाड्यात राहतो. एकतीस वर्षं कलर लॅबमध्ये एन्लार्जरवर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायच्या यंत्रावर, प्रिंट काढण्यात गेली. लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं, शाळांचे ग्रुप फोटो. निगेटिव्ह उजेडावर धरून कागदावर काळं किती काळं येईल आणि पांढरं कुठे जळेल हे ओळखायचं, हेच माझं काम होतं. डिजिटल आलं, लॅब बंद झाली, पण डोळ्यांची सवय तशीच राहिली. म्हणूनच हे पत्र लिहितो आहे.

२२ सप्टेंबर २०२५पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्या दिवाळीला आमच्या इमारतीत बऱ्याच घरांत नवे टीव्ही आले. आम्हीही ४३ इंची घेतला. खोक्यावर ठसठशीत अक्षरांत ‘फोर-के एचडीआर’ लिहिलेलं होतं. फोर-के म्हणजे चित्रात ठिपके जास्त, आणि एचडीआर म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त. दुकानात त्यावर फुलं, धबधबे, कापलेली कलिंगडं चालू होती आणि सगळं झळाळत होतं.

घरी पहिल्याच रात्री सिनेमा लावला. वाड्याच्या पडवीत रात्रीचा प्रसंग, हातात कंदील घेतलेली बाई. कंदिलाची काच तेवढी पिवळट दिसत होती, बाकी सगळा काळोख. सौ. म्हणाली, “अहो, आवाज येतोय, पण बोलतंय कोण?” आतल्या खोलीत अकरा वर्षांचा जुना टीव्ही आहे. त्यावर तोच प्रसंग लावला, तर बाईचा चेहरा, नथ, मागचा खांब, सगळं दिसलं.

आधी संशय इंटरनेटवर गेला. इंटरनेटवरून सिनेमे दाखवणाऱ्या एका मोठ्या सेवेच्याच सल्ल्याप्रमाणे फोर-के चित्राला सेकंदाला १५ मेगाबिटचा वेग लागतो. आमचा राउटर दाराशी, चपलांच्या कपाटामागे होता आणि टीव्ही २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर होता. त्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनेल जेमतेम तीन, आणि इमारतीत घरटी एक राउटर. ब्रॉडबँडवाल्या मुलाने टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर जोडून दिला. काही सेवांत वरचा प्लॅन घेतल्याशिवाय फोर-के आणि एचडीआर मिळतच नाही, म्हणून मुलाने प्लॅनही वाढवला. चित्र रेखीव झालं. साडीच्या काठावरची बुट्टी मोजता येऊ लागली, पण पडवीतला काळोख काही हटला नाही.

मग कंपनीचा माणूस आला. त्याने पिक्चर मोड बदलून पाहिले, बाईचा चेहरा केशरी झाला. जाताना तो म्हणाला, “काका, एचडीआर असंच दिसतं.” हे वाक्य माझ्या मनाला लागलं. एचडीआर असं दिसत नाही, आणि असं सांगून ग्राहकाला गप्प करणं बरोबर नाही.

पडद्याचा उजेड ‘निट’मध्ये मोजतात. एक चौरस मीटर पृष्ठभागातून साधारण एका मेणबत्तीएवढा उजेड म्हणजे एक निट. जुन्या पद्धतीचं चित्र स्टुडिओत १०० निट धरून तयार होतं. एचडीआरचं चित्र बहुतेक वेळा १,००० निट धरून होतं, काही ४,००० धरूनही, आणि त्याची मोजपट्टी १०,००० पर्यंत जाते. शिवाय तो सिग्नल जुन्यासारखा सापेक्ष नसतो. एचडीआर-टेन किंवा डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्या प्रकारांत प्रत्येक ठिपक्याला ‘तू इतके निट’ असा पक्का आकडा दिलेला असतो. माझ्या टीव्हीची ताकद किती, हे खोक्यावर नाही, माहितीपुस्तिकेत नाही, संकेतस्थळावरही नाही. तीन ईमेल केल्यावर उत्तर आलं : २५० निट, पॅनेल (म्हणजे पडदा) ८ बिटचं. ८ बिट म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ छटा. एचडीआरला किमान १० बिट लागतात, म्हणजे १,०२४ छटा. एकूण रंगांचा हिशेब केला तर एकीकडे पावणेदोन कोटींच्या आत आणि दुसरीकडे १०७ कोटींच्या वर.

थोडक्यात, माझ्या टीव्हीला एचडीआर वाचता येतं, दाखवता येत नाही. खोक्यावरचा शब्द खोटा नाही, पण गिऱ्हाईक तो ज्या अर्थाने वाचतं तो अर्थ त्यात नाही.

माझ्या धंद्यातलं सांगतो म्हणजे समजेल. निगेटिव्हमध्ये जेवढा उजेड-अंधार साठलेला असतो तेवढा कागदावर कधीच मावत नाही. नवरी मांडवात, मागे हॅलोजनचा झोत. हॅलोजन सांभाळला तर नवरीचा चेहरा काळा पडतो, चेहरा सांभाळला तर मागचं सगळं पांढरंफटक. अशा वेळी आम्ही तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती लावून ती चेहऱ्याच्या जागी, दिव्याच्या झोताखाली, तीन-चार सेकंद हलवत धरायचो. चेहऱ्यावर उजेड कमी पडायचा आणि प्रिंटमध्ये तो उजळ यायचा. ती चकती स्थिर राहिली तर भोवती कडा उमटायची, म्हणून हात सतत हलता ठेवावा लागे. टीव्हीसुद्धा हेच काम करतो, त्याला टोन मॅपिंग म्हणतात. पण त्यासाठी हाताशी काहीतरी असावं लागतं. चांगल्या टीव्हीत पडद्यामागचे दिवे विभागवार कमी-जास्त होतात, ओएलईडीत तर प्रत्येक ठिपका स्वतःचा दिवा असतो. माझ्या टीव्हीत मागचा सगळा उजेड एकदमच वाढतो आणि एकदमच कमी होतो. कंदील वाढवावा तर काळोख राखाडी होतो, काळोख राखावा तर बाई दिसेनाशी होते.

माझी नात दिवाळी पहाटेला मैत्रिणींबरोबर तलावपाळीला गेली होती. तिने फोनवर मासुंदा तलावाच्या कठड्यावरच्या पणत्यांचा व्हिडिओ घेतला, तोही एचडीआरमध्ये. तिच्या फोनच्या पडद्यावर तो पाहिला आणि मी गप्पच झालो. ज्योतीचा गाभा लखलखीत, भोवती पिवळा, मग तांबूस, आणि पाण्यात थरथरणारं प्रतिबिंब त्याहून एक पायरी मंद. आयुष्यभर मी ज्या पायऱ्या कागदावर उतरवायला धडपडलो, त्या सगळ्या तिथे होत्या. तिचा फोन एचडीआर दाखवताना हजार निटपर्यंत जातो. तोच व्हिडिओ मोठ्या हौसेने टीव्हीवर लावला. पणतीची ज्योत आणि शेजारी उभ्या मुलाचा पांढरा कुर्ता, दोन्ही एकाच पांढऱ्याचे. नात म्हणाली, “आजोबा, राहू दे, फोनवरच बघू.”

माझी मागणी एवढीच आहे. ज्या टीव्हीच्या खोक्यावर ‘एचडीआर’ लिहायचं, त्याच्यावर तेवढ्याच ठळकपणे तीन गोष्टी लिहाव्यात : पडद्याचा कमाल उजेड किती निट, पॅनेल ८ बिटचं की १० बिटचं, आणि मागचे दिवे विभागवार कमी-जास्त होतात की नाही. हे काही जगावेगळं नाही. जानेवारी २०१६मध्ये यूएचडी अलायन्स या कंपन्यांच्याच संघटनेने आपल्या बोधचिन्हासाठी निकष जाहीर केला होता : एक तर १,००० निट उजेड आणि ०.०५ निटपर्यंत काळोख, किंवा ५४० निट आणि ०.०००५ पर्यंत काळोख. पण तो ऐच्छिक राहिला. संगणकाच्या मॉनिटरसाठी ‘डिस्प्ले-एचडीआर ४००’सारखी प्रमाणपत्रं आहेत, तिथे आकडा नावातच असतो. आपल्याकडे टीव्ही वीज किती खातो याचे तारे लावतात, मग तो उजेड किती देतो हे लपवून काय साधतं?

कायद्याचा आधारही आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणं हासुद्धा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचाच प्रकार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण त्यासाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथून दुकानाकडे विचारणा गेली तेव्हा उत्तर आलं की खोक्यावर जे छापलंय तेच आम्ही सांगतो. माझी एकट्याची तक्रार इथेच अडेल, हे मला दिसतंय. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेने हा विषय हाती घ्यावा आणि भारतीय मानक ब्युरोने टीव्हीसाठी असा निकष सक्तीचा करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ज्यांनी माझ्यासारखाच टीव्ही घेतला आहे त्यांच्यासाठी सांगतो. वीज वाचवणारा मोड आधी बंद करा, एचडीआर सुरू असताना त्याची सेटिंग वेगळी असते, तिथे जाऊन पाहा. बाहेरचा स्ट्रीमिंग बॉक्स असेल तर टीव्हीच्या त्या एचडीएमआय पोर्टची सेटिंग तपासा, बऱ्याच टीव्हींत ती मुळात बंदच असते. एवढं करूनही काळोख राहिला, तर बॉक्समधून एचडीआर सरळ बंद करून साधं चित्र घ्या. आमच्याकडे आता तसंच चालतं. पडवीतली बाई दिसते, कंदील मात्र साधाच दिसतो.

आणि घ्यायच्या आधी दुकानातली कलिंगडं पाहून ठरवू नका. मी नातीचा तलावपाळीचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेतला आहे. शेजारच्या दोन घरांसाठी तो घेऊन दुकानात गेलो, विक्रेत्याला टीव्हींच्या वरचे दुकानातले दिवे मालवायला सांगितले आणि प्रत्येक टीव्हीवर पणतीची ज्योत कुर्त्यापेक्षा उजळ दिसते का तेवढंच पाहिलं. एका घराने त्यामुळे मोठा टीव्ही सोडून लहान पण चांगल्या पॅनेलचा घेतला. येत्या रविवारी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंबरोबर जायचं आहे.

आपला,
एक निवृत्त कलर प्रिंटर,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)