बैलाला आत्मा नाही म्हणणाऱ्यांनी चौथी आज्ञा पुन्हा वाचावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात पाळीव प्राण्यांवर एका वाचकाचं पत्र आलं होतं. त्यात लिहिलं होतं की ख्रिस्ती धर्मात प्राणी फक्त माणसाच्या उपयोगासाठी असतात, त्यांना आत्मा वगैरे काही नाही. लिहिणाऱ्यावर माझा राग नाही, कारण हेच मी आमच्याच लोकांच्या तोंडून कितीतरी वेळा ऐकलंय. आमचा राजा गेला तेव्हाही ऐकलं.

राजा म्हणजे आमचा बैल, तेरा-चौदा वर्षं दावणीला होता. शेवटच्या रात्री माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, गोठ्यात त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, पहाटे तो गेला. सकाळी अण्णांनी एका पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, विचारलं की येऊन दोन शब्द प्रार्थना कराल का, तर उत्तर मिळालं, जनावराला आत्मा नसतो, प्रार्थना कशाची करायची. अण्णा काहीच बोलले नाहीत. घरी आले, बांधावर खड्डा खणून झाला होता, तिथं टोपी काढून एकटेच उभे राहिले.

ह्याच अण्णांनी आयुष्यात रविवारी बैल जुंपले नाहीत. पेरणीचे दिवस, वाफसा आलेला, शेजारचे लोक म्हणायचे अण्णा तुम्ही चर्चला जा पण जोडी तरी द्या एक दिवस, तर अण्णा म्हणायचे मला सुट्टी तशी त्यांनाही सुट्टी. मला लहानपणी वाटायचं हा त्यांचा हट्ट आहे. नंतर बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी चौथी (कॅथलिक लोक तिला तिसरी म्हणतात) नीट वाचली तेव्हा कळलं, ती तिथं लिहिलेलीच आहे. शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या, दिवशी तू काम करू नको, तुझ्या मुलाबाळांनी नको, चाकरांनी नको आणि तुझ्या जनावरांनीही नको. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात तर बैल आणि गाढव नाव घेऊन सांगितलेत. दहा आज्ञांमध्ये बैलाची सुट्टी आहे हो! आणि आपण संडे स्कूलला पोरांकडून आज्ञा पाठ करून घेतो तेव्हा नेमका तेवढाच तुकडा घाईघाईत म्हणून टाकतो.

दुसरी गोष्ट मुसक्याची. खळ्यावर मळणीला पात धरली की बहुतेक जण बैलाच्या तोंडाला मुसकं बांधायचे, कणसात तोंड घालू नये म्हणून. अण्णा बांधत नसत. तिवड्याभोवती, म्हणजे खळ्याच्या मधल्या खांबाभोवती, फिरता फिरता राजा मान खाली घालून एखादं कणीस उचलायचा, चावत चावत चालायचा, लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबायची, आणि अण्णा मागं चालत नुसतं बघायचे. अनुवाद २५:४ मध्ये हा नियम एका ओळीत आहे, मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नको. हे वाक्य समजायला आम्हा शेतकऱ्यांना कुठल्या टीकाग्रंथाची गरज नाही.

आता प्रामाणिकपणे सांगतो, शास्त्रात अडचणीच्या जागाही आहेत. येशूचा प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला पत्र लिहिताना हीच ओळ घेतो आणि विचारतो देवाला काय बैलांची काळजी आहे? आणि ती सुवार्तिकांच्या, म्हणजे धर्मप्रचारकांच्या, पोटापाण्याला लावतो. मार्काच्या शुभवर्तमानात तर येशूनं काढलेली भुतं डुकरांत शिरतात आणि दोन हजार डुकरं समुद्रात बुडतात. जुन्या करारातल्या मंदिरातली जनावरांची अर्पणं वेगळीच. ह्या जागा मी लपवत नाही. पण तोच पौल रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात म्हणतो की सगळी सृष्टी कण्हतेय, सुटकेची वाट बघतेय. जलप्रलयानंतर देव करार करतो तो एकट्या नोहाशी नाही, तारवातून बाहेर आलेल्या प्रत्येक जिवाशी. आणि बायबलमधलं योना संदेष्ट्याचं पुस्तक संपतं कुठं, तर देव विचारतो की निनवे शहरात एक लाख वीस हजारांवर माणसं आहेत आणि पुष्कळ गुरंढोरं आहेत, मग मी त्या शहराची कीव करू नको का? शेवटचा शब्द गुरांचा आहे.

मग हे आत्मा नाही कुठून आलं? बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, मूळ हिब्रू शब्द आहेत नेफेश हाय्या (जिवंत प्राण), ते पहिल्या अध्यायात प्राण्यांना लावलेत आणि दुसऱ्यात माणसाला, अगदी तेच. बायबलच्या १६११ च्या इंग्रजी भाषांतरात माणसाच्या जागी त्याचा अर्थ आत्मा झाला आणि प्राण्याच्या जागी नुसता जीव. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्विनास ह्या धर्मपंडिताचं नाव लोक पुढं करतात, पण त्यानंही प्राण्यांना आत्मा नाही असं म्हटलेलं नाही, आत्मा आहे पण तो देहाबरोबर संपतो असं म्हटलंय. मला ते पटत नाही, पण निदान आहे ते तरी नीट सांगावं. जॉन वेस्ली, ज्याच्यामुळं मेथडिस्ट मंडळी हा ख्रिस्ती पंथ उभा राहिला, त्यानं १७८१ मध्ये रोमकरांच्या त्याच अध्यायावर प्रवचन लिहून प्राण्यांचीही सुटका होणार अशी आशा मांडली होती. १८२४ मध्ये लंडनला जनावरांवरची क्रूरता थांबवायला संस्था निघाली, ती बैठक बोलावणारा आर्थर ब्रूम हा पाळकच होता. त्यानं त्या कामासाठी चर्चची नोकरी सोडली आणि संस्थेच्या कर्जापायी तुरुंगात गेला. असल्या माणसाचं नाव आमच्या एकाही उपासनेत मी ऐकलेलं नाही ह्याचं मला फार वाईट वाटतं. कॅथलिकांकडं प्राण्यांवर माया करणारा संत फ्रान्सिस आहेच, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलंय की बाकीचे जीव नुसते माणसाच्या फायद्यासाठी नाहीत.

आमच्याकडं हंगामाच्या सणाला लोक पोत्यानं ज्वारी आणतात, भोपळे आणतात, पाय बांधलेल्या कोंबड्या आणतात, उपासना झाली की लिलाव होतो. पावसासाठी प्रार्थना होते, पिकासाठी होते. ज्यानं ते पीक काढलं त्या बैलासाठी एक ओळ नसते. माझी सगळ्या पाळकांना हात जोडून विनंती आहे, ह्या वर्षी ती एक ओळ घाला. आणि कुणी म्हातारा शेतकरी सकाळी दारात येऊन म्हणाला की बैल गेलाय, तर आत्म्याचा वाद काढू नका, चपला घाला आणि त्याच्याबरोबर बांधापर्यंत चला.

आपला,
एक ख्रिस्ती शेतकऱ्याचा मुलगा,
जि. अहिल्यानगर