कॅफेमागचा दगड

कराड,
१६ फेब्रुवारी

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा तू बागेतला व्हिडिओ पाठवलास. ओढा पाहिला, बदकं पाहिली. आईनं बदकं तीनदा बघितली. माझी नजर मात्र कॅफेच्या मागं चढावर अडकली. झाडीत एक दगड, शेजारी झेंडे, खाली फुलं. "ते काय रे?" म्हणून विचारलं, तर म्हणालास, "कुठलंतरी जुनं विमान पडलंय तिथं, आप्पा." रोज तिकडनं जातोस आणि कुठलंतरी? मग ताईला मोबाईल घेऊन बसवलं आणि इंग्लंडमधल्या तुमच्या शेफिल्डच्या एंडक्लिफ पार्कचं सगळं शोधायला लावलं.

विमानाचं नाव 'मी अमिगो', स्पॅनिशमध्ये 'माझा मित्र'. अमेरिकेचं बी-१७ बॉम्बर, चार इंजिनं, आत दहा जण. २२ फेब्रुवारी १९४४ ला डेन्मार्कमधल्या आल्बोर्गच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकायला निघालेलं. जर्मन विमानांनी त्याची चाळण केली. तसंच कसंबसं समुद्र ओलांडून आलं. तळ होता चेल्वेस्टनला, शेफिल्डच्या दक्षिणेला शंभराहून जास्त किलोमीटर. तुमच्या गावावर आलं म्हणजे रस्ता कधीचाच सुटला होता. संध्याकाळी पाचच्या सुमाराला त्या झाडीत पडलं आणि पेटलं. दहाच्या दहा गेले. चालवणारा जॉन क्रीगशॉसर, मिसूरीतल्या सेंट लुईसचा, वय २३. तू जूनमध्ये २३ पूर्ण करशील.

त्या वेळी बागेत पोरं खेळत होती. त्यातला एक टोनी फोल्ड्स, सातआठ वर्षांचा. तो सांगतो, पायलट हात हलवत होता. पोरांना वाटलं आपल्यालाच करतोय, म्हणून त्यांनीही हात केले. तो 'बाजूला व्हा' म्हणत होता, हे टोनीला मोठेपणी कळलं. आमच्यामुळं त्याला मोकळी जागा सोडावी लागली, आमच्यामुळं ते मेले, हे त्यानं जन्मभर उराशी धरलं. म्हातारपणी तो त्या दगडापाशी झाडू मारायचा, फुलं ठेवायचा. २०१९ ला ७५ वर्षं झाली, तेव्हा ब्रिटनची आणि अमेरिकेची लढाऊ विमानं त्या बागेवरनं गेली. खाली हजारो माणसं, आणि हा ८२ वर्षांचा बाबा वर बघून रडतोय. ताई तो व्हिडिओ बंद करायला लागली, मी म्हटलं राहू दे.

आता माझं मत सांगतो, पटलं तर घे. पोरं त्या पायलटला दिसली का, हे कोण सांगणार? आतलं एकही माणूस उरलं नाही. सगळे म्हणतात त्यानं ठरवून झाडीत घातलं. मी तीस वर्षं ट्रक चालवलाय. कुंभार्ली घाटात साखर भरलेल्या गाडीचा ब्रेक गेला, ती गोष्ट तू शंभरदा ऐकलीस, पण अर्धीच. पुढच्या वळणावर चहाची टपरी होती, माणसं उभी होती. गाडी मी डोंगराच्या अंगाला घातली. लोकांनी पाया पडायचंच बाकी ठेवलं. खरं सांगू? मी काहीच ठरवलं नव्हतं. एवढा वेळच नसतो. हातांनी केलं. आणि डोंगर डावीकडं, म्हणजे क्लीनरची बाजू. पांडूकाका तिथं बसला होता. केबिन आत आली ती त्याच्या पायावर.

हे घरात कधी बोललो नाही. दिवाळीला पांडूकाका लंगडत येतो, फराळ करतो, तुझी चौकशी करतो. एका शब्दानं कधी बोलला नाही. त्याची पाठ वळली की मी आत जाऊन बसतो, तुझी आई समजते मला झोप आली. टपरीवरची माणसं मला आठवतसुद्धा नाहीत.

म्हणून मला तो टोनीही कळतो आणि तो पायलटही. त्याच्या शेजारी दुसरा पायलट होता, विमानात आणखी आठ पोरं. तो वाचला असता तर त्या आठनऊ घरांची तोंडं बघायला गेला असता का? मी असतो तर नसतो गेलो, एवढं मला माहीत आहे.

येत्या २२ तारखेला लेक्चर असलं तरी सकाळी जाऊन ये. थंडी आहे, कानटोपी घाल. फुलं महाग असतील तर एकच घे, पण घे. आणि दहा जणांची नावं तिथं असतीलच, ती मोठ्यानं वाचून मला रेकॉर्ड करून पाठव. ताईला उच्चार जमेनात. पांडूकाका रविवारी येणार आहे, त्याला ऐकवायची आहेत.

लाडवांचं पार्सल मिळालं का, ते कळव.

तुझे,
आप्पा