नव्याण्णव नंबरचा चष्मेवाला

पुणे, रविवार

प्रिय अव्या,

परवा फोनवर म्हणालास, पोरगं सहा फुटांच्या वर गेलंय, चष्मा लागलाय आणि सगळे ‘लंबू’ म्हणतात म्हणून ग्राउंडवर पाऊल टाकत नाही. फोन ठेवल्यापासून मला अमेरिकेतला जुना बास्केटबॉलपटू जॉर्ज मायकन आठवतोय.

हा इलिनॉयमधल्या जोलिएटचा, क्रोएशियन घराण्यातला. जन्म १९२४. उंची सहा फूट दहा इंच, डोळ्यांवर जाडजूड भिंगं, पाठीवर ९९ नंबर. त्या काळी एवढा उंच माणूस म्हणजे बोजड, हा खेळ त्याचा नव्हे, असाच समज होता. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात रे मेयर नावाच्या कोचने त्याला दोरीच्या उड्या मारायला लावल्या, हवेत ठोसे मारायला लावलं आणि चक्क नाचाच्या शिकवणीला धाडलं! शिवाय बास्केटखाली उभं राहून एकदा उजव्या, एकदा डाव्या हाताने चेंडू टाकत राहायचं. तोच ‘मायकन ड्रिल’. आपले कोच तेच आपल्याकडून करून घ्यायचे तेव्हा मला वाटायचं, मायकन हे कुठल्या तरी यंत्राचं नाव असेल.

पुढे गडी असा तयार झाला की खेळाचे नियमच बदलावे लागले. बास्केटमध्ये उतरणारा चेंडू तो वरच्या वर टोलवायचा, ते कॉलेज बास्केटबॉलने १९४४ मध्ये बंद केलं. १९५१ मध्ये एनबीएने, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक लीगने, बास्केटसमोरची लेन (मैदानावर आखलेला पट्टा, ज्यात चेंडू असलेल्या संघाच्या खेळाडूला फार वेळ थांबता येत नाही) ६ फुटांवरून १२ फूट केली, कारण हा तिथे ठाण मांडून बसायचा. आणि २२ नोव्हेंबर १९५० ची गंमत ऐक. याच्या हाती चेंडू लागूच नये म्हणून फोर्ट वेन पिस्टन्सचे खेळाडू तो नुसते धरून बसले. निकाल १९-१८! मायकनचा संघ मिनियापोलिस लेकर्स घरच्या मैदानावर हरला, पण त्यांच्या १८ पैकी १५ गुण एकट्या मायकनचे. असल्या रटाळ सामन्यांना लोक विटले, तेव्हा कुठे १९५४ मध्ये २४ सेकंदांचं घड्याळ आलं, म्हणजे तेवढ्या वेळात चेंडू बास्केटकडे टाकायलाच हवा.

न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या दारावर एकदा पाटी लागली, ‘मायकन विरुद्ध निक्स’ (निक्स म्हणजे न्यूयॉर्कचा संघ). सोबत्यांनी ती पाहिली आणि कपडेच बदलेनात. म्हणे, जा, खेळ एकटाच!

लेकर्सकडून सहा विजेतेपदं, त्याआधी शिकागो गिअर्सकडून एक. १९५४ मध्ये, तिशीच्या आसपास, निवृत्त. मग एकदा परत आला, ३७ सामने खेळला, पण जुना मायकन काही दिसला नाही. १९६७ मध्ये एबीए या नव्या लीगचा कमिशनर झाला आणि तिथे लाल-पांढरा-निळा चेंडू आणला.

शेवट मात्र वाचवत नाही रे. मधुमेहाने पाय कापावा लागला. १९६५ पूर्वी निवृत्त झालेल्यांची पेन्शन तुटपुंजी, ती वाढावी म्हणून तो एनबीएशी भांडत होता. १ जून २००५ ला गेला. अंत्यविधीचा खर्च नंतरच्या पिढीतल्या शकील ओ’नील या धिप्पाड बास्केटबॉलपटूने उचलला.

मे महिन्यात पोराला माझ्याकडे पाठव. सोसायटीच्या कोर्टवरची रिंग थोडी वाकलीये, पण चालेल. चष्म्याला मागून इलॅस्टिक तेवढं लावून घे.

तुझा,
बाळ्या