रबिंग करून देतात, पण पॅड कुठला आणि पॉलिश कुठलं ते सांगत नाहीत

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागे तुमच्या पुरवणीत गाडीवरचे ओरखडे टूथपेस्टने घालवायची टिप आली होती. टूथपेस्टमध्ये घासणारी पावडर असतेच, त्यामुळे एखादी हलकी रेघ कधीकधी जाते पण, आणि नेमका तिथेच लोकांचा विश्वास बसतो. पण ती पावडर दातांच्या हिशोबाने केलेली, पेंटच्या नाही, आणि काळ्या गाडीवर फडक्याने जोर लावून घासली की रेघ राहते बाजूला आणि बॉनेटवर ताटाएवढा पांढुरका धूसर पट्टा तयार होतो. अशा गाड्या आमच्याकडे येतात म्हणून लिहायला बसलो. नाशिकला सातपूरला माझं डेंटिंग-पेंटिंगचं काम आहे, लिहिण्याची सवय नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

मूळ मुद्दा असा की आजच्या गाडीचा रंग वेगळा आणि त्याच्यावरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, वेगळा. पत्र्यावर प्रायमर, मग रंग, मग क्लिअर, सगळं मिळून कंपनीतून येताना साधारण १०० ते १४० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतं, आणि त्यातला क्लिअर फक्त ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. चमक त्याचीच, उन्हापासून रंगाला वाचवतो तोच, आणि रबिंग करताना, म्हणजे पॉलिश लावून मशीनने घासताना, आपण घासतो तोही तोच. ओरखडा "भरून" निघत नसतो हो, त्याच्या आजूबाजूचा क्लिअर ओरखड्याच्या खोलीपर्यंत खाली आणतात म्हणून तो दिसेनासा होतो. एका कडक कंपाऊंडिंगमध्ये (कंपाऊंड म्हणजे जास्त घासणारं, खरबरीत पॉलिश) दोन-चार मायक्रॉन सहज जातात, आणि गेलेला क्लिअर परत येत नाही. आता सर्व्हिसिंगला गाडी दिली की काउंटरवर विचारतात, "सर, रबिंग-पॉलिश करून टाकू का?" आणि आपण दरवेळी हो म्हणतो. सात-आठ वर्षांनी टपावरून आणि बॉनेटवरून पापुद्रे निघायला लागले की मग म्हणायचं पेंटच खराब होता. काही वेळा असतोही खराब, नाही असं नाही, पण बऱ्याच वेळा तो घासून घासून संपवलेला असतो.

कुठलं पॉलिश वापरता असं विचारलं की उत्तर ठरलेलं, चांगल्या कंपनीचं आहे सर. अहो पण कंपनी कुठली हा नंतरचा प्रश्न, आधी मशीनला लावायचा पॅड कुठला ते सांगा, कारण तेच पॉलिश लोकरीच्या पॅडवर लावलं तर कापतं, म्हणजे क्लिअर घासून काढतं, आणि मऊ फोमवर लावलं तर नुसतं उजळवतं. लोकरीचा सगळ्यात जास्त कापतो, मायक्रोफायबरचा पण चांगला कापतो पण मऊ पेंटवर धुरकट छटा सोडतो, मग फोम, त्यात पुन्हा कटिंग, पॉलिशिंग आणि फिनिशिंग असे प्रकार. आणि रंगावर जाऊ नका, सगळ्यांचे रंग वेगवेगळे, लेक कंट्री कंपनीचा पिवळा फोम कटिंगचा आणि रुपेस कंपनीचा पिवळा फाईन म्हणजे मऊ कामाचा, आता एखाद्या पोराने ऑनलाईन व्हिडिओत बघून "पिवळा मऊ असतो" म्हणून भलताच पिवळा लावला तर काय होणार ते तुम्हीच बघा.

खरी पद्धत कंटाळवाणी आहे, म्हणून कोणी करत नाही. गाडी नीट धुवायची, क्ले बार (मातीसारखी मऊ वडी) फिरवून चिकटलेली घाण काढायची, मग बॉनेटवर टेपने फूट-दीड फुटाचा चौकोन आखायचा आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा एक पायरी हलक्याच कॉम्बिनेशनने सुरुवात करायची, पॉलिशिंगचा फोम आणि मध्यम पॉलिश, वाटाण्याएवढे तीन-चार थेंब बास. मशीन सावकाश, आधी आडवं मग उभं, असे चार-सहा पास, म्हणजे फेरे. पुसून झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून परत पुसायचं आणि टॉर्च मारून बघायचं. हे अल्कोहोलचं पुसणं लई महत्त्वाचं, कारण बऱ्याच पॉलिशमध्ये तेल आणि फिलर असतात, ते रेघांमध्ये बसतात आणि डिलिव्हरीच्या वेळी गाडी आरशासारखी दिसते, दोन-तीन वॉश झाले की बारीक रेघांची सगळी जाळी परत हजर. टेस्टमध्ये रेघा गेल्या तर पूर्ण गाडीला तेच, नाही गेल्या तर पॉलिश तेच ठेवून पॅड कडक घ्यायचा, तरी नाही तर मग कंपाऊंड. आणि कंपाऊंडने काम झालं की वर फिनिशिंगचा हात द्यावाच लागतो. नख अडकतंय एवढा खोल ओरखडा असेल तर त्याच्या मागे लागूच नका, तो टचअपचा, म्हणजे तेवढ्यापुरता रंग भरण्याचा, विषय आहे.

मशीनचं पण तसंच. बऱ्याच गॅरेजमध्ये अजून रोटरी (एकाच जागी गोल फिरणारं मशीन) आणि लोकर हीच जोडी चालते. हात बसलेला माणूस असेल तर रोटरीसारखं काम नाही, पण नवशिक्याच्या हातात दिली की एकाच जागी गरम होते, कडेला आणि बॉडी लाइनवर क्लिअर आधीच पातळ असतो तिथे पार रंगापर्यंत जाते, आणि प्लास्टिकच्या बंपरवर तर उष्णता पसरायला जागाच नाही. वर्कशॉपच्या ट्यूबलाइटखाली सगळं झकास दिसतं, बाहेर उन्हात काढली की काळ्या गाडीवर पंख्यासारखे फिरलेले पट्टे, त्याला होलोग्राम म्हणतात. ड्युअल अ‍ॅक्शन मशीन (पॅड गोल फिरवतं आणि सोबत हलवतं पण) हळू कापतं पण सहसा असला घोळ करत नाही. घरी करणाऱ्याने तेच घ्यावं, सावलीत करावं, कडांना टेप लावावी. आणि पॅड ब्रशने साफ करत राहा, भरला की बदला. दिवसभर एकाच पॅडवर चार गाड्या काढणारे आहेत, वाळलेलं कंपाऊंड त्यात खड्यासारखं घट्ट झालेलं असतं आणि जितक्या रेघा काढल्या तितक्याच नव्या पाडतं.

माझं म्हणणं एवढंच की बिलावर इंजिन ऑईलचा ग्रेड लिहितात, तसं रबिंगच्या पुढे पॅड, पॉलिश, मशीन आणि आधी-नंतरचे मायक्रॉन लिहायला काय हरकत आहे? पेंट मोजायचा गेज हातात मावतो, पूर्ण गाडी मोजायला पाच-दहा मिनिटं लागतात. गेज सगळ्या थरांची मिळून जाडी दाखवतो, एकट्या क्लिअरची नाही, हे खरं, आणि प्लास्टिकवर साधा गेज चालत पण नाही, तरी किती घासलं हे तर कळेल. आमच्या धंद्यातले काही जण वैतागतील हे वाचून, वैतागू देत. तुमच्या ऑटोच्या पानावर नवीन गाड्यांचे मायलेज आणि सनरूफ दर आठवड्याला असतात, एखाद्या वेळी ही माहिती पण छापा.

आपला,
एक डेंटिंग-पेंटिंगवाला, सातपूर, नाशिक

ता.क. मॅट फिनिशची गाडी असेल तर यातलं काहीच करू नका, मशीन तर लांबच, हाताने पण पॉलिश घासू नका. तिथे चकाकणारा डाग पडतो आणि तो मग फक्त तो पॅनल परत पेंट करूनच जातो.