गुडघे टेकवत नाहीत म्हणून प्रार्थना सोडू नका

भुसावळ

प्रिय आई, बाबा,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "गुडघे टेकवत नाहीत, डोळे मिटले की झोप लागते, हल्ली संध्याकाळची प्रार्थना राहूनच जाते." तेवढ्यात लॉबीतून, म्हणजे रेल्वेच्या ड्युटी लावणाऱ्या कचेरीतून, मला गाडीचा कॉल आला आणि बोलणं अर्धवट राहिलं. म्हणून आज सवडीने लिहायला बसलोय.

बाबा, गुडघे टेकणं ही रीत आहे, अट नाही. दावीद राजा परमेश्वरासमोर बसून बोलला, असं बायबलमधल्या 2 शमुवेल या पुस्तकाच्या 7व्या अध्यायात आहे. हिज्कीया राजा मरणाच्या दारात होता, तो भिंतीकडे तोंड करून रडला. त्याचंही ऐकलं गेलं आणि आयुष्याची 15 वर्षं वाढली. तुम्ही खुशाल ओट्यावरच्या खुर्चीत बसा. झोप लागत असेल तर डोळे उघडे ठेवा.

मला दानीएलाबद्दल फार वाटतं. सिंहांच्या गुहेची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, पण राजाशिवाय कोणाकडेही मागणं करायचं नाही असा हुकूम निघाल्यावर तो घरी गेला आणि दिवसातून तीनदा प्रार्थना करत राहिला, "पूर्वी करत असे त्याप्रमाणे". तेव्हा तो म्हातारा झाला होता. संकट आलं त्या दिवशी त्याला नव्याने काही सुरू करावं लागलं नाही.

माझ्या ड्युटीला वेळ कुठली! मालगाडीचा कॉल रात्री दोनलाही येतो. घड्याळ धरून प्रार्थना करायची म्हटली तर कधीच व्हायची नाही. म्हणून मी ती बॅगेशी बांधून टाकली आहे. टॉर्च, झेंड्या, पाण्याची बाटली भरून झाली की चेन लावायच्या आधी पलंगाच्या कडेला बसतो: प्रभूची प्रार्थना, एक स्तोत्र, मग एकेकाचं नाव घेऊन मागणं. मनमाडला किंवा खंडव्याला रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या लोकांच्या विश्रांतीच्या खोलीत, हातपाय धुतले की परत तेच. मन लागो न लागो. स्वतःचे शब्द सुचत नाहीत तेव्हा स्तोत्रं कामाला येतात. 13वं तर अवघ्या सहा ओव्यांचं, आणि त्याची सुरुवातच गाऱ्हाण्याने होते. देवापुढे तक्रारही मांडता येते, हे मला तिथे कळलं.

तुमच्याकडे तर रोजचा ठरलेला चहा आहे. सकाळी आधण ठेवलं की आईने सुरू करावं, संध्याकाळी शुगरची गोळी घेण्याआधी बाबांनी. पाच मिनिटं पुरेत. आई, पाळकांसारखं बोलता येत नाही म्हणून तू गप्प बसतेस. तू गायीशी, शेजारणीशी जशी अहिराणीत बोलतेस तशीच बोल ना! लहानपणी मला ताप आला की उशाशी बसून तू जे पुटपुटायचीस ती प्रार्थनाच होती, आणि मी ती ऐकत ऐकत झोपायचो.

बाबा, तुमच्या बायबलच्या शेवटच्या कोऱ्या पानावर नावं लिहिलेली आहेत, त्यात आणखी दोन घाला: माझ्या सहकाऱ्याची आई, तिचं डायलिसिस चालू आहे, आणि खालच्या मजल्यावरचा मुलगा, यंदा बारावीला बसतोय. मीही रोज त्यांची नावं घेतो.

पुढच्या सुट्टीत मोठ्या अक्षरांचं बायबल घेऊन येतो. बुधवारची प्रार्थनासभा एकदा आपल्या ओट्यावर ठेवता येईल का, पाळकांना विचारून ठेवा. मी असेन तर चटया मी घालतो.

तुमचा,
मोठा