नवी पेठेतल्या कॉम्प्युटर-दुरुस्तीवाल्या अण्णांस, कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड वाचवायला शिकवल्याबद्दल

अण्णा, सप्रेम नमस्कार.

सोलापुरात लग्नं, मुंजी, वास्तुशांती आणि गड्ड्याची यात्रा टिपणाऱ्या आम्हा फोटो-व्हिडिओवाल्यांचं हे पत्र. तोंडी आभार मानले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता आणि पुढचं कॅबिनेट उघडायला घेता. म्हणून लिहून, चारचौघांसमोर मानतो आहोत. काउंटरपलीकडून तुम्ही आजवर जे सांगत आलात तेही इथे नीट मांडतो, म्हणजे आज पहिल्यांदाच कार्ड रीडर विकत घेणाऱ्या पोराच्याही ते हाताशी राहील.

सगळ्यात मोठे आभार एका शब्दाचे: "थांब." कार्ड लावलं, ते उघडलं नाही आणि पडद्यावर "ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा" असं आलं, की माणूस घाबरून "हो" दाबतो. तुम्ही आधी माऊसवरचा हात काढायला लावता. कार्डावर कोणती फाइल कुठे आहे याचा एक तक्ता असतो. तो तक्ता विंडोजला वाचता आला नाही, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ. फोटो बहुतेक वेळा जागच्या जागी असतात. गड्ड्याच्या यात्रेत भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, सातही नंदीध्वज समोर असतात, पांढऱ्या बाराबंदीतली गर्दी असते. तो क्षण पुन्हा मिळायला वर्ष जावं लागतं. तो ज्या कार्डावर आहे त्याचा निकाल घाईत लावायचा नाही, हे तुम्ही आमच्या अंगवळणी पाडलंत.

दुसरे आभार दोष ओळखायच्या तुमच्या रीतीचे. कार्ड दिसत नाही म्हणजे कार्ड गेलं, असं तुम्ही कधीच धरून चालत नाही. विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबायचं, यादीतून डिस्क मॅनेजमेंट उघडायचं आणि खालच्या भागात काय दिसतं ते शांतपणे वाचायचं. तिथे रीडरचा मागमूसच नसेल तर कार्डाकडे बघायचं कारण नाही, दोष वायरीत, पोर्टात किंवा रीडरमध्ये आहे. रीडर दिसतो पण समोर "नो मीडिया" लिहिलंय, म्हणजे रीडर जिवंत आहे आणि कार्डाच्या पट्ट्या त्याच्या पिनांना टेकत नाहीत, किंवा कार्डाचं कंट्रोलर, म्हणजे कार्ड चालवणारी आतली चिप, मेलं आहे. अशा वेळी पहिला प्रयोग दुसऱ्या कार्डाचा, दुसरा प्रयोग दुसऱ्या रीडरचा. कार्डाची जागा बरोबर दिसते पण ड्राइव्हला अक्षरच नाही, तर त्यावर राइट क्लिक करून अक्षर द्यायचं, झालं काम. ऑफिसच्या नेटवर्कमधल्या फोल्डरने तेच अक्षर अडवून ठेवलं की असं होतं. आणि जागा दिसते पण पुढे "रॉ" लिहिलंय, तर तक्ता बिघडला आहे. खरी काळजी या शेवटच्या प्रकारात, किंवा कार्ड कुठल्याच रीडरमध्ये दिसत नसेल तर.

चार-पाच खाचांचा रीडर लावल्यावर एकदम चार रिकामे ड्राइव्ह दिसतात आणि नवा माणूस गोंधळतो. प्रत्येक खाच विंडोजला वेगळा ड्राइव्ह वाटते, इतकंच. फोल्डर ऑप्शन्समध्ये रिकामे ड्राइव्ह लपवायची खूण केली की गर्दी जाते.

पोर्टाबद्दल तुम्ही सांगितलेलं आम्ही घड्याळ लावून पडताळलं. ६४ जीबीचं भरलेलं कार्ड यूएसबी २ च्या पोर्टातून सेकंदाला साधारण ३० एमबीने उतरतं, म्हणजे अर्ध्या तासाच्या वर. तेच कार्ड चांगलं असेल आणि रीडर यूएसबी ३ चा, निळ्या पोर्टात लावलेला असेल, तर सेकंदाला ९० एमबीच्या आसपास, म्हणजे अकरा-बारा मिनिटं. पण निळ्या पोर्टात लावूनही वेग तिपटीने कमी का पडतो, याचं उत्तर आम्हाला फक्त तुमच्याकडे मिळालं. यूएसबी ३ च्या प्लगमध्ये जुन्या चार पट्ट्या पुढे टोकाकडे आणि नव्या पाच पिना मागे असतात. प्लग हळूहळू सरकवला तर पुढच्या पट्ट्या आधी टेकतात, कॉम्प्युटर रीडरला जुन्या वेगाचा समजतो आणि तसंच धरून बसतो. प्लग काढायचा आणि एका दमात, सरळ, पूर्ण आत घालायचा.

कॅबिनेटच्या पुढच्या तोंडावरचे पोर्ट आतल्या वायरीने बोर्डाला जोडलेले असतात. वायर ढिली किंवा हलकी असली की मोठी कॉपी चालू असताना रीडर मध्येच गायब होतो. म्हणून डेस्कटॉपला कायम मागचा पोर्ट. लांब एक्स्टेंशन वायर किंवा स्वतंत्र वीज नसलेला हब मध्ये घालायचा नाही. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. हबवर हार्ड डिस्कही लटकवली की तेवढ्यात दोघांचं भागत नाही. मागचा पोर्ट असूनही रीडर तुटतच असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन, वीज वाचवण्यासाठी यंत्र बंद करायची परवानगी काढून टाकायची. लॅपटॉपवाल्यांनी हे आधीच करून ठेवावं.

सोलापूरचं म्हणून जे आहे ते इथे सांगायलाच हवं. मे महिन्यात पारा ४० च्या वर गेला की सगळे उन्हाला दोष देतात. मेमरी कार्ड साधारण उणे २५ ते ८५ अंशांपर्यंत चालावं असं बनवलेलं असतं. उन्हात तापलेल्या गाडीत कार्ड टाकून जाऊ नये हे खरं, पण आपल्याकडे रीडर मरतात ते धुळीने आणि कापसाच्या पिंजेने. यंत्रमाग आणि टॉवेलच्या कारखान्यांच्या आसपास दुकान असेल तर ही पिंज खाचेत जाऊन बसते, कार्ड आत ढकललं की दबते आणि पिनांवर गादीसारखी पसरते. मग कार्ड एकदा दिसतं, एकदा नाही. तुम्ही दाखवलेला उपाय: रीडर कॉम्प्युटरपासून काढायचा, खाच जमिनीकडे करून हातपंपाने हवा मारायची. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकीचा ओलावा पिनांवर बसतो. कार्डाच्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने एकाच दिशेने पुसायच्या आणि पूर्ण वाळल्यावरच लावायच्या. सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. घामेजल्या बोटांनी पट्ट्यांना हात न लावणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डवाल्यांसाठी तुमची ताकीद वेगळीच. त्या कार्डाला ५० बारीक छिद्रं असतात आणि रीडरला ५० पिना. कार्ड तिरकं घुसवलं तर एखादी पिन वाकते, आणि तशाच रीडरमध्ये दुसरं कार्ड दाबलं तर शॉर्ट होऊन तेही कार्ड जाऊ शकतं. अडलं की दाबायचं नाही. बाहेर काढायचं, मोबाइलचा टॉर्च मारून पिना ओळीत आहेत का ते बघायचं. एक जरी वाकलेली दिसली तर रीडर बदलायचा. रीडर काही शे रुपयांचा, कार्डावरच्या कामाची किंमत त्याच्या कैक पट.

एसडी कार्डाच्या डाव्या कडेची छोटी पट्टी आम्ही वर्षानुवर्षं दुर्लक्षित ठेवली होती. पट्टी सोनेरी टोकाकडे असली की लिहिता येतं, उलट बाजूला ओढली की कुलूप. कार्डाला स्वतःला या पट्टीचा पत्ता नसतो. रीडरमधला एक बारीक स्विच ती चाचपून बघतो. त्यामुळे दोन गोष्टी कळल्या. पट्टी तुटून पडली की तिथली खाच उघडी राहते आणि कार्ड कायम कुलूपबंद दिसतं. खाचेवर पातळ सेलोटेपचा तुकडा चिकटवला की चालतं, फक्त तो सोनेरी पट्ट्यांवर येऊ द्यायचा नाही आणि आतला माल उतरवून घेतला की ते कार्ड निवृत्त करायचं. दुसरी गोष्ट जास्त कामाची: गिऱ्हाइकाच्या किंवा मंगल कार्यालयातल्या कॉम्प्युटरला कार्ड लावायची वेळ आली तर आधी कुलूप. वाचता सगळं येतं, पण रीडर ते कुलूप मानणारा असेल तर त्या मशीनमधला व्हायरस कार्डावर लिहू शकत नाही. मायक्रो एसडीला ही सोय नाही, तिच्या अडॅप्टरला आहे. आणि अडॅप्टर म्हणजे नुसत्या तारा. मायक्रो एसडी दिसत नसेल तर बऱ्याचदा अडॅप्टरच बदलून बघावा लागतो.

कार्डावरचं एचसी आणि एक्ससी यातला फरक तुम्ही एका ओळीत सांगता, आम्ही दोन ओळी घेतो. एचसी हा प्रकार २००६ मध्ये आला, ३२ जीबीपर्यंतचा, फॅट ३२ पद्धतीचा. त्याआधीच्या रीडरना तो दिसतच नाही. एक्ससी २००९ चा, २ टीबीपर्यंतचा, एक्सफॅट पद्धतीचा. बहुतेक एचसी रीडर तो वाचतात, पण विंडोज एक्सपीला एक्सफॅटसाठी वेगळं अपडेट घालावं लागतं. काही स्टुडिओंत अल्बमचं जुनं मशीन अजून एक्सपीवर आहे, तिथे ६४ जीबीचं नवं कार्ड लावून "खराब माल दिला" म्हणत दुकानदाराशी भांडू नये. तसंच गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हमध्ये जागा भरपूर असूनही लग्नाचा व्हिडिओ जात नाही, याचं कारण फॅट ३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या पुढे मावत नाही. पेन ड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करायचा, किंवा गिऱ्हाइकाचा टीव्ही एक्सफॅट वाचत नसेल तर व्हिडिओचे तुकडे करून द्यायचे. आणि ६४ जीबीच्या कार्डावर ५९.६ दिसतात त्यात कुणी फसवलेलं नसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

आता कॉपीची शिस्त. अण्णा, तुमच्या काउंटरवरचं "कट करू नका" हे आम्ही आमच्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी सांगतो. कॉपी चालू असताना वीज गेली तर हार्ड डिस्कवरची एक फाइल अर्धी राहते, कार्ड मात्र शाबूत असतं. कट करून पेस्ट केलं असेल तर उतरलेल्या फाइली कार्डावरून पुसल्या जात असतात, आणि मध्येच अंधार झाला की काय कुठे आहे ते शोधत बसावं लागतं. प्रत्येक कार्डाला वेगळं फोल्डर, नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग कार्डाचा क्रमांक. कॅमेऱ्याचे आकडे ९९९९ नंतर पुन्हा ०००१ पासून सुरू होतात. दोन कॅमेऱ्यांच्या फाइली एकाच फोल्डरात टाकल्या, विंडोजने "बदलू का" विचारलं आणि कुणी "हो" म्हटलं, तर सप्तपदीवर हळद चढते. कॉपी झाली की कार्डावरचे सगळे फोल्डर निवडून त्यांचं आणि उतरवलेल्या फोल्डरचं प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या आणि बाइट्सचा पूर्ण आकडा जुळवायचा. मग दुसऱ्या हार्ड डिस्कवर दुसरी प्रत. दोन्ही प्रतींतली सुरुवातीची, मधली आणि शेवटची फाइल उघडून बघायची. त्यानंतरच कार्ड कॅमेऱ्यात घालून कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं, कॉम्प्युटरवर नाही. कॅमेऱ्याला हवी तशी मांडणी कॅमेराच करतो.

कार्ड काढताना "सेफली रिमूव्ह". २०१८ च्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून बाहेरच्या ड्राइव्हवरचं लिखाण राखून न ठेवता लगेच उतरवणं ही मूळ मांडणी आहे. तरीही रीडरचा दिवा लुकलुकत असताना कार्ड ओढलं तर तक्ता अर्धवट राहतोच. "रॉ" दिसणाऱ्या कार्डांमागे पुष्कळदा हीच एक घाई असते.

आणि तक्ता गेलाच तर? तुमचा क्रम असा: कार्डावर नवं काहीही लिहायचं नाही. चेकडिस्क ही विंडोजची डिस्क दुरुस्त करायची सोय आधी चालवायची नाही, ती तुटके भाग जोडायच्या नादात फाइलींची ओळख घालवते. आधी अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, हार्ड डिस्कवर घ्यायची आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतिमेवर. फोटोरेक हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर तक्त्याकडे न बघता फाइलींची सुरुवात ओळखून फोटो बाहेर काढतं. नावं आणि फोल्डर परत येत नाहीत, फोटो येतात. निघालेला माल वेगळ्या डिस्कवर ठेवायचा, त्याच कार्डावर कधीच नाही. व्हिडिओ तुकड्यातुकड्यांत लिहिलेला असेल तर तो बऱ्याचदा चालत नाही, हेही तुम्ही गिऱ्हाइकाला आधी स्पष्ट सांगता. खोटी आशा न दाखवल्याबद्दल वेगळे आभार.

नकली कार्डांचं शेवटी. वर २५६ जीबी छापलेलं असतं, आत चिप १६ ची, आणि कंट्रोलर कॉम्प्युटरला खोटा आकडा सांगतो. पहिले १६ जीबी भरेपर्यंत सगळं ठीक दिसतं, पुढचे फोटो हवेत जातात किंवा जुन्यांवर बसतात. नवं कार्ड घेतलं की एच२टेस्टडब्ल्यू हे कार्ड तपासायचं सॉफ्टवेअर लावून पूर्ण भरायचं आणि पूर्ण वाचून बघायचं. ६४ जीबीच्या साध्या कार्डाला तासाभरापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. मुहूर्ताच्या दिवशी सकाळी नव्हे, खरेदीच्या दिवशी रात्री.

या पत्रासोबत तुमच्या काउंटरसाठी दोन रीडर पाठवतो आहोत, एक एसडीचा यूएसबी ३ वाला आणि एक कॉम्पॅक्ट फ्लॅशचा. दोन्ही तपासलेले आहेत, पिना सरळ आहेत. "तुझा रीडर बघू आधी" म्हणून तुम्ही स्वतःचा रीडर देता आणि तो परत येत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. हे दोन दोरीने टेबलाला बांधून ठेवा.

तुमचे,
सोलापुरातले फोटो-व्हिडिओवाले